सुनेचं मनगट आणि माझी मूठ

गेल्या वर्षी गौरीच्या दुपारी फुगडी ऐन रंगात आली असताना माझ्या सुनेने माझे हात सोडले. मी पडवीत पाठीमागे जाऊन आपटले. खाली फरशी, त्यामुळे लागलं. वाडीतल्या बायका हसल्या. मीही हसले असते, पण सून हसत नव्हती. उजवं मनगट डाव्या हाताने धरून ती खांबापाशी वाकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, तुमची पकड," एवढंच ती म्हणाली.

फुगडी पकडीशिवाय घालता येत नाही. मागे झोक देऊन गरगर फिरायचं तर हात घट्ट धरावेच लागतात. मी तसे धरले होते, दरवर्षी धरते तसे.

आमच्या घरात रीत अशी आहे की तेरड्याची गौर बसली, तिखटाचा नैवेद्य झाला, की पहिली फुगडी सासूसुनेची. ती झाल्याशिवाय दुसरी कुणी उठत नाही. माझ्या सासूने मला घेतलं, कारण मी थोरली. मी माझ्या सुनेला घेतलं. माझ्या धाकट्या जावेला सून नाही, एक मुलगी आहे ती लग्न होऊन चिपळूणला गेली. त्यामुळे पहिली फुगडी माझीच. घरात माझं म्हणून जे थोडं उरलं आहे त्यात ती येते.

त्या दिवशी जाऊ गर्दीतून उठून पुढे आली. सुनेचा हात तिने हलकेच वळवून पाहिला आणि विचारलं, "अंगठ्याला आणि या दोन बोटांना मुंग्या येतात का गो? पहाटे हात झाडत उठतेस?"

सून तिच्याकडे बघत राहिली. "काकी, तुम्हाला कसं कळलं?"

माझ्या घरात झोपून उठणारी सून. ती हात झाडत उठते हे मला ठाऊक नव्हतं, आणि मधल्या दगडी गडग्यापलीकडे राहणाऱ्या जावेला कळलं. पडलेल्या जागेवरून मी हे ऐकत होते. मला उठवायला कुणी आलं नव्हतं. मी आपली आपण उठले.

सून कॉम्प्युटरवर काम करते. मुलगा मुंबईला नोकरीला आहे, ती इथे माझ्याजवळ राहून मुंबईच्याच एका कंपनीचं काम घरून करते. दवाखान्यांची बिलं कॉम्प्युटरवर भरायची. सकाळी बसली की संध्याकाळपर्यंत बोटं चालू. पडवीत माझं जुनं शिलाई मशीन होतं, ते बाजूला करून त्याच्या टेबलावर तिने आपलं बस्तान मांडलं होतं. मी म्हणायची, बसून तर काम आहे, ओझं कसलं उचलायचं नाही. आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. मी कातळावरचा चारा डोक्यावरून आणला आहे, भाताचे भारे आणले आहेत, पाटा-वरवंट्यावर अख्ख्या घराचं वाटण वाटलं आहे. माझे हात कधी दुखले नाहीत.

रत्नागिरीच्या डॉक्टरने तिला सांगितलं की मनगटात शीर दबते. पट्टा बांधा, हाताला विश्रांती द्या, आणि नाहीच उतरलं तर छोटं ऑपरेशन करावं लागेल. विश्रांती द्यायची तर काम सोडायचं. काम सोडलं तर ती मुलाकडे मुंबईला जाणार, हे मला न सांगता कळत होतं. इथे राहण्याचं तिला दुसरं कारण नव्हतं. मी कारण नव्हते.

म्हणून मी माझा उपाय केला. कोकमाच्या तेलाचा गोळा वाटीत वितळवला, कढत असतानाच तिचं मनगट मांडीवर घेतलं आणि चोळलं. जोर लावून चोळलं. आमच्याकडे मुरगळलेले पाय असेच बरे होतात. तिने दात आवळून धरले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "आता बरं आहे, आई." पण चहाचा कप तिने डाव्या हाताने उचलला. नंतर मी तेलाची वाटी आणली की तिला नेमका फोन यायचा.

आणि जेवणं झाली की ती कुंपणाच्या गडग्यातल्या फटीतून जावेच्या पडवीत जायला लागली.

जावेविषयी आधी सांगते. मी चौथीपर्यंत शिकले, ती मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आली तीच टायपिंग शिकून. रत्नागिरीला एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली, सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. काही वर्षांनी तिचं मनगट दुखायला लागलं. यंत्रावर टकटक करून कुणाचं मनगट दुखतं हे सासूने आयुष्यात ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं. पण तिचा नवरा तिच्या बाजूचा. तिने पाट्यावर बसायचं नाही, विहिरीचं पाणी ओढायचं नाही असं ठरलं. ते सगळं कुणी केलं हे विचारायची गरज नाही. वर ऑफिस सुटल्यावर ती योगाच्या वर्गाला जायची आणि उशिराच्या एसटीने घरी यायची. तिच्या वाटणीच्या भाकऱ्या मी भाजायची. ती पडवीत चटई टाकून दोन्ही हात समोर धरून मनगटं गोल फिरवत बसायची आणि मी पिठाच्या हातांनी तिच्याकडे बघायची.

तीच चटई आता माझ्या सुनेसाठी पसरली जात होती.

मागल्या दारी बसलं की गडग्यावरून त्यांची पडवी दिसते. मी नारळाच्या झापाचे हीर काढायचं काम मुद्दाम तिथे घेऊन बसायची. खराट्याला लागतात त्याहून जास्त हीर त्या दिवसांत मी काढून ठेवले.

"अंगठा आत घे आणि मूठ वळ," जाऊ सांगायची. "आता मनगट फिरव. खांदा हलवू नकोस, मनगट. उलटं. हां, आता मूठ उघड, बोटं फाकव. जितकी जातील तितकीच."

मग हात समोर ताठ धरून पंजे वर करायचे, भिंत ढकलतो तसे, आणि खाली सोडायचे. मग छातीपाशी नमस्कार.

"देवाला करतेस तसा नको. कोपरं वर. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, मनगटापर्यंत. आता तसेच हळूहळू खाली ने. कळ आली की थांब."

"आली, काकी."

"मग थांब. कळीच्या अलीकडे थांबायचं, पलीकडे काही ठेवलेलं नाही."

सून हसायची. दोघी हसायच्या. माझ्या घरात ती अशी हसत नाही.

एकदा कळलं की सून मोबाइलवर बघून सूर्यनमस्कारही घालत होती आणि त्यानेच दुखणं वाढलं होतं. जावेने कपाळाला हात लावला. "सगळ्या अंगाचा भार त्या मनगटावर? आधीच ते रडतंय. जमिनीवर नको. भिंतीशी उभी राहा, भिंतीला हात टेक, तेवढं पुरे." मग ती आमच्या पडवीत आली, सून काम करते ते टेबल तिने पाहिलं. टेबल उंच, खुर्ची बुटकी, त्यामुळे मनगट कडेवर दाबलं जाऊन वर मोडत होतं. जाऊ म्हणाली, "मीही अशीच बसायची. टाइपरायटरचं टेबल तर याहून उंच होतं." दोघींनी मिळून माझ्या ट्रंकेतली गोधडी काढली, घडी करून खुर्चीवर घातली. मला विचारलं नाही. गोधडी मी शिवलेली आहे.

मला राग येत होता, पण तो दुखण्याचा नव्हता की गोधडीचा नव्हता. त्या दोघी आपल्या दुखण्याविषयी बोलायच्या ते मला सहन होत नव्हतं. जेवताना सून सांगायची, "काकींना पण थंडीत जास्त व्हायचं." "काकींच्या हातून पण वस्तू पडायच्या." त्यांचं एक नातं तयार झालं होतं आणि त्यात शिरायचा दरवाजा माझ्यापाशी नव्हता, कारण माझे हात ठणठणीत होते. धडधाकट असण्याचा मला पहिल्यांदा तोटा झाला.

म्हणून एका दुपारी मी सांगितलं, "माझाही हात दुखतोय."

सून ताबडतोब उठली. "कधीपासून? सांगितलं का नाहीत? चला, काकींकडे चला."

मी फटीतून पलीकडे गेले. जावेने मला चटईवर बसवलं आणि म्हणाली, "वहिनी, कुठे दुखतं?"

"इथे."

"मुंग्या येतात?"

"येतात की."

"कुठल्या बोटांना?"

"सगळ्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती वळली. सुनेला म्हणाली, "जा गो, तुझ्या सासूला पाणी आण." सून आत गेल्यावर तिने बाजूचा सोललेला नारळ आणि कोयता माझ्यापुढे सरकवला. "तेवढा फोडून द्या, वहिनी. माझ्याने होत नाही."

मी नारळ तळहातावर घेतला आणि एका घावात फोडला. सवयीने. पाणी वाटीत धरलं, एक थेंब सांडला नाही. मग माझ्या लक्षात आलं.

"लबाड आहेस," मी म्हटलं.

"मी?" ती म्हणाली. "बरं, आता आलाच आहात तर नमस्कार करून दाखवा."

मी हात जोडले. कोपरं वर केली. तिने वाकून माझ्या तळव्यांमध्ये बघितलं आणि नारळ फुटताना वाटीत उडालेला खोबऱ्याचा तुकडा उचलून त्या फटीत घातला. तुकडा आरपार गेला.

"दाबा."

मी दाबले. बोटांची टोकं टेकली, तळव्यांची मनगटाकडची कड टेकली, मधे पोकळी ती पोकळीच. बोटं सरळच होईनात. इतकी वर्षं कोयता, दोर, विळा आणि वरवंटा धरून ती त्याच आकारात बसली होती. मी एवढा जोर लावत होते की दंड थरथरायला लागले.

"दुखतं?" तिने विचारलं.

"नाही."

"तेच ना. तुम्हाला दुखत नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्याचा हात किती आवळता ते तुम्हाला कळत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, या वर्षी गौरीला तिचे हात धरू नका. आता कुठे ती तांब्या उजव्या हाताने उचलायला लागलीय. एक झटका बसला तर परत पहिल्यापासून. डॉक्टर कापायचं म्हणतील आणि मुलगा तिला घेऊन जाईल."

"म्हणजे पहिली फुगडी तू घालणार तिच्याबरोबर."

"मी कशाला घालू? तुमची आहे, तुम्हीच घाला. दंडफुगडी घाला. हात सोडून दंड धरा."

दंडफुगडी मला ठाऊक होती. एकमेकींचे दंड धरून फिरायचं. ती लहान मुली घालतात नाहीतर थकलेल्या बायका. माझ्या घरात मी माझ्या सुनेला कुठे धरायचं हे ती मला शिकवत होती. मी म्हटलं, "बघू." सून पाणी घेऊन आली तेव्हा मी पाणी न पिताच निघाले. मागून सुनेचा आवाज आला, "आईंचं काय दुखतंय, काकी?" आणि जावेने उत्तर दिलं, "वय झालं त्यांचं. दुसरं काही नाही." तिने मला उघडं पाडलं नाही. पाडलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

पावसाळाभर त्यांचं चालू राहिलं. सुनेत फरक पडत होता हे मला दिसत होतं. तासभर काम झालं की ती उठायची, दाराच्या चौकटीला हात लावून खांदे ताणायची, मनगटं फिरवायची, मग परत बसायची. पट्टा आधी रात्रीपुरता राहिला, मग खुंटीला लटकला. पहाटे हात झाडायचा आवाज येतो का ते मी कान देऊन ऐकायची. येईनासा झाला. फोनवर ती नवऱ्याला सांगत होती, "नाही, ऑपरेशनचं आता नाही बोलत डॉक्टर. काकींमुळे." मी शेजारी तांदूळ निवडत होते. तिला जाऊ देऊ नकोस म्हणून मी मनातल्या मनात देवाला सांगितलं होतं आणि देवाने ऐकलं होतं, पण ते जावेच्या हातून.

बरं वाटलं का? वाटलं. पण दूध नासावं असं काहीतरी त्यात पडलेलं होतं.

या वर्षीची गौर आली. मुलगा मुंबईहून आला होता. नैवेद्य झाल्यावर पानं उचलता उचलता तो म्हणाला, "आई, या वर्षी तू आणि ही फुगडी नका घालू. काकी आहे, बाकीच्या आहेत, त्यांचं होऊ दे."

"रीत आहे," मी म्हटलं.

"रीत मोडली तर गौर काय रागावते?"

"गौरीचं माहीत नाही. मी रागावेन."

बायका पडवीत जमल्या होत्या आणि कुणी उठत नव्हतं. सगळ्यांना गेल्या वर्षीचं आठवत होतं. जाऊ कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, साडीचा पदर नीट करत, माझ्याकडे न बघता. मला वाटलं ही आता उठते. ती उठली नाही. सूनच उठली. साडी खोचली, बांगड्या वर सरकवल्या आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, चला."

तिने हात पुढे केले ते थेट माझ्या दंडांवर ठेवले. मी तिचे दंड धरले.

"सैल," ती हळूच म्हणाली.

मी सैल केले. मला वाटलं केले.

"अजून."

आम्ही फिरलो. मागे झोक देता येत नव्हता, पायही जवळजवळ पडत होते, त्यामुळे वेग बेताचा. बायकांनी गाणं धरलं. माझं सगळं लक्ष बोटांकडे. ती आवळायला बघत होती आणि मी त्यांना धाकात ठेवत होते, त्यामुळे गाण्यातलं काही मला ऐकू आलं नाही. फुगडी झाली. कुणी पडलं नाही. बायका म्हणाल्या, "अगो, या वयातसुद्धा बघा." सून हसत होती, तिने मनगट धरलं नव्हतं. रीत पाळली गेली.

मग बाकीच्यांच्या फुगड्या झाल्या. मी पाणी पिऊन खांबाला टेकून बसले. चांगला वेळ गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "काकी, तुम्ही नाही उठलात." सुनेने जावेला हाताला धरून ओढलं. आणि तिच्याशी तिने फुगडी घातली ती साधी फुगडी. हातात हात. मनगटावर मनगट ओलांडून, बोटांत बोटं अडकवून, मागे झोक देऊन. दोघींचे पदर उडत होते.

मला दंड, तिला हात.

संध्याकाळी बायका गेल्यावर सून भांडी पुसत होती. मी पोटात ठेवणारी नाही. मी विचारलं, "मला दंड दिलेस आणि काकीला हात. तिच्या ओढण्याने नाही का झटका बसत?"

तिने टोप खाली ठेवला. "बसू शकतो. पण काकी सोडतात, आई. मी म्हटलं रे म्हटलं की सोडतात. तुम्ही गेल्या वर्षी... मी तीनदा म्हटलं होतं सोडा. तुम्हाला ऐकूच आलं नाही. म्हणून मला सोडावं लागलं."

ती हे भांडायला म्हणत नव्हती. तिने परत टोप उचलला आणि पुसायला लागली. मी चुलीतली राख काढायला घेतली, ती उद्या काढली असती तरी चाललं असतं.

गौरी गेल्या, गणपती गेले, मुलगा गेला. सून राहिली. रोज दुपारी ती फटीतून पलीकडे जाते. मी अजून जात नाही. त्या चटईवर जावेसमोर परत जाऊन बसायला मला सांगू नये. पण हीर आता पुष्कळ झाले आहेत, मागल्या दारी हाताला काही काम नसतं. मग मी पायरीवर बसते आणि हात जोडते. अंगठा आत घेऊन मूठ वळते, उघडते, बोटं फाकवते. तळव्यांमधली पोकळी अजून आहे. खोबऱ्याचा तुकडा अजून जातो, पण आता थोडा अडतो. मी घालून बघते.

परवा मी अशीच बसले होते. सून टेबलाशी होती. गडग्यापलीकडून जावेचं डोकं वर आलं. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"वहिनी, कोपरं खाली पडतायत," ती म्हणाली.

"तू तुझं बघ," मी म्हटलं, आणि कोपरं वर घेतली.